तेरा की चाळीस

गवताचे तीन तुकडे ओट्यावर मांडून सगुणा त्यांच्याकडे अशी बघत बसली होती, जशी ती बाजारात बोंबलांच्या वाट्यांकडे बघायची. म्हणजे घ्यायचं तर आहेच, पण विकणाऱ्याला ते कळता कामा नये. गवत खोटं होतं, प्लॅस्टिकचं. तिन्ही तुकडे तळहाताएवढे, तिन्ही हिरवेगार, आणि प्रत्येकाच्या पाठीला चिकटपट्टी लावून लिहिलेलं: तेरा एमएम, पंचवीस एमएम, चाळीस एमएम. ही पात्याची उंची. तेराचं गवत नुकत्याच केस कापून आलेल्या पोराच्या डोक्यासारखं खरखरीत होतं. चाळीसच्या गवतात बोट घातलं तर पहिलं पेर आत जाऊन दिसेनासं व्हायचं.

ज्या घरात कधी साधी क्रिकेटची बॅट आली नाही, त्या घराच्या परसात गोल्फ कसा शिरला हे आधी सांगायला हवं, नाहीतर सगुणाला वेड लागलं असं कुणालाही वाटेल. गल्लीतल्या बायकांना तसं वाटलंच होतं.

तिचा नवरा पोपट रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर होता. बऱ्याच वर्षांपूर्वी कंपनीने नवीन प्लांट उभारला, तेव्हा परदेशातले काही इंजिनिअर येऊन गेस्ट हाऊसला राहिले. संध्याकाळी रोह्यात त्यांनी करायचं काय? मग गेस्ट हाऊसच्या मागे त्यांनी हिरवा गालिचा अंथरला, त्याला पेल्याएवढं भोक पाडलं आणि वाकड्या टोकाच्या काठीने पांढरा चेंडू त्या भोकात ढकलत बसायचे. पोपट एकदा पहिली शिफ्ट संपवून कसला तरी निरोप द्यायला तिकडे गेला आणि बघत उभा राहिला. त्यांच्यातल्या एकाने गंमत म्हणून काठी त्याच्या हातात दिली. पोपट वाकला, जमिनीकडे बघितलं आणि चेंडू सरळ भोकात. सगळे हसले, नशीब म्हणाले. त्याने पुन्हा घातला. त्यानंतर पहिली शिफ्ट सुटली की ते त्याला हाक मारून बोलवायला लागले. जाताना एकाने ती काठी आणि चेंडूंचा डबा त्याला देऊन टाकला.

त्या काठीचा खरा उपयोग सगुणाने शोधून काढला. परसातल्या शेवग्याच्या शेंगा काढायला तिच्या वाकड्या टोकासारखं दुसरं काही नव्हतं. पोपटने कधी तक्रार केली नाही. फक्त शेंगा काढून झाल्या की तो ती काठी ओल्या फडक्याने पुसायचा आणि परत कपाटावर आडवी ठेवायचा.

गेल्या श्रावणात लकव्याने पोपटची उजवी बाजू गेली. जीभ शाबूत राहिली, आणि एकट्या जिभेवरच तो दोन माणसांचं काम करायचा. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू येईल, आणि खरंच येत होतं. दिवाळीच्या तोंडावर तो भिंत धरून स्वतःचा स्वतः फिरायला लागला. आणि मग एके सकाळी बाथरूममध्ये पडला. हाड मोडलं नाही. पण सगुणा तेव्हा चुलीपाशी होती आणि तिने तो आवाज ऐकला. तांदळाचं पोतं जमिनीवर टाकावं तसा आवाज, आणि त्यानंतर काहीच नाही. ना हाक, ना कण्हणं. चुलीपासून बाथरूमपर्यंत जाताना आपण विधवा झालो असं तिला वाटलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी तिने त्याचा दंड जो धरला तो धरलाच. उठताना, बसताना, जेवायला येताना. त्याला पाणी प्यायचं असलं तरी पेला हलायच्या आधी तिचा हात तिथे असायचा. हळूहळू पोपटने उठणंच सोडून दिलं. बोलणंही कमी केलं, आणि हे जास्त वाईट होतं.

फिजिओवाली सुरभी यायची, ती म्हणाली, "काकी, पायात ताकद आहे त्यांच्या. पाय चालेल, पण तुम्ही सोडाल तर ना."

पोरगी हुशार होती. पण तिचा नवरा कधी बाथरूममध्ये पडला नव्हता. तिचं लग्नच झालं नव्हतं.

"काकांना कशाची तरी ओढ लागली पाहिजे," सुरभी म्हणाली. "पूर्वी काय आवडायचं त्यांना?"

सगुणा विचार करत राहिली. पेणला दिलेली तिची लेक अपेक्षा त्या दिवशी आलेली होती, ती पटकन म्हणाली, "बाबांची काठी!"

तर असा तो गोल्फ शिरला. मायलेकी वडखळला गेल्या. अलिबागचा फाटा फुटतो तिथल्या एका दुकानात शेतघरवाल्यांसाठी असलं गवत मिळायचं. दुकानदार रितेश अपेक्षाच्या शाळेतला निघाला. त्याने काउंटरवर तुकडे मांडले आणि समजावून सांगितलं. चेंडू सरळ आणि लांब पळवायचा तर गवत आखूड पाहिजे, म्हणजे तेराचं. पंचवीसचं गच्चीवर टाकायला लोक नेतात. चाळीसचं लहान मुलांना खेळायला, बसायला, लोळायला.

"आनि मानूस पडला तर?" सगुणाने विचारलं.

"पडायला चाळीसचं बरं, काकी. पण त्याच्यावर चेंडू जाणार नाय."

"चेंडूला काय, हाड हाय मोडायला?"

रितेश हसला. अपेक्षा हसली नाही. तिने आईकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आई, बाबांना ठरवू दे हं."

म्हणून ते तीन तुकडे घरी आले. सगुणाने ते खाटेवर पोपटसमोर ठेवले. त्याने एकेकावरून डावा हात फिरवला. मग बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं ते केलं. उजवा हात डाव्याने उचलून तेराच्या तुकड्यावर ठेवला आणि त्याची बोटं हळूहळू मागेपुढे केली.

"ह्ये," तो म्हणाला. "गेस्ट हाऊसला असंच व्हतं. याच्यावर चेंडू कसा जातो म्हायती हाय? जशी काय त्याला घरी जायाची घाई हाय."

सगुणाला भरून आलं. कितीतरी दिवसांनी तो एवढं लांबलचक बोलला होता.

"बरं," ती म्हणाली, "तेराचं तर तेराचं."

आणि तुकडे घेऊन ती ओट्यावर येऊन बसली. तेराच्या तुकड्यावर तिने मूठ आपटून बघितली. खाली ओट्याचा दगड लगेच लागला. चाळीसच्या तुकड्यावर आपटली, तर जरा दबली, जरा उसळली. तिच्या कानात ते तांदळाचं पोतं पुन्हा पडलं. ती उठली, धुण्याच्या दगडापाशी गेली, म्हणजे आत ऐकू जायला नको, आणि तिने रितेशला फोन लावला.

"चाळीसचं पाठव."

"काकी, चाळीसवर चेंडू..."

"तू पाठव तर."

रितेशची माणसं आली. त्यांनी परसात शेवग्याच्या बाजूने लांबट पट्टा सपाट केला, खडी दाबली आणि वर ते जाडजूड गवत ताणून बसवलं. पलीकडच्या टोकाला पेल्यासारखं भोक. हिरव्याची अशी काही शोभा आली की तोंडलीचा मांडव शेजारी भिकारडा दिसायला लागला. सगुणाने पोपटला दंड धरून मागच्या दारात आणलं. तो थोडा वेळ बघत राहिला.

"गवत जरा उंच वाटतंय गो."

"अंथरल्यावर तसंच दिसतं. बसंल हळूहळू."

त्याने मान हलवली. त्याला पटलं. दूध नासलंय म्हटलं की पातेल्यात न बघता तो पटवून घ्यायचा. उभ्या जन्मात त्याने तिचं बोलणं तपासून बघितलं नव्हतं.

पहिला चेंडू ठेवला. सगुणा मागून त्याच्या कमरेला धरून उभी, एक हात दंडावर. त्याने काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात काठीवर आणला, वाकला, जमिनीकडे बघितलं. अगदी तसंच बघितलं असणार, जसं गेस्ट हाऊसमागे बघायचा. काठी हलली. चेंडू वीतभर गेला, गवतात बुडाला आणि थांबला.

"पुन्हा," तो म्हणाला.

चेंडू पुन्हा वीतभर गेला. तिसऱ्यांदा त्याने दात आवळून जोर लावला, मान लाल झाली, तरी चेंडू हातभरापलीकडे जाईना. पोपटने काठी खाली सोडली. ती गवतावर पडली तर आवाजही झाला नाही.

"हात ग्येला माझा, सगुणा," तो म्हणाला. रडला नाही, चिडला नाही. बस गेली असं सांगावं तसं म्हणाला. "चल आत."

तेव्हाच बोलायचं होतं. तिचं तोंड उघडलंही होतं. पण तिला स्वतःलाच खात्री कुठे होती? हातच गेला असेल तर? तिने त्याला आत नेलं, निजवलं, आणि पोपटने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. दुसऱ्या दिवशी सुरभीला परत पाठवून दिलं. भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवायला लागला. एकदा म्हणाला, माझी स्कूटर अपेक्षाच्या नवऱ्याला देऊन टाक, तिला काय गंज चढवायचा. स्कूटर म्हणजे त्याचा जीव की प्राण. ती अंगणात पुसून उभी असायची, कारण बरं झाल्यावर तिच्यावर बसून तो पुलावरून रोह्याला चहा प्यायला जाणार होता.

अशा दोन-तीन दुपारी गेल्या. मग एका दुपारी तो झोपल्यावर सगुणा परसात गेली. काठी तिथेच पडलेली होती. तिने चेंडू ठेवला. तिच्या दोन्ही हातांत चांगली ताकद होती. भरलेला हंडा ती अजून एका दमात उचलायची. पदर खोचला आणि शेंगेला मारते तसा एक दणका दिला. चेंडू हातभर गेला, गवतात बुडाला आणि थांबला. पोपटचा शेवटचा चेंडू अजून तिथेच पडला होता. तिचा त्याच्या शेजारी जाऊन बसला होता.

सगुणा मटकन खाली बसली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. हात गेलाच नव्हता. हात तिने घालवला होता. हाड मोडू नये म्हणून जे आणलं त्याने माणूस मोडला. बसल्या जागी तिला गवत खरोखरच मऊ लागत होतं, आणि त्या मऊपणाचा तिला असा राग आला की मूठभर पाती उपटायला ती वाकली. ती निघेनात. पक्का माल होता.

डोळे पुसून तिने रितेशला फोन केला. तो गरीब बिचारा, 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही. तेराचं मागवतो म्हणाला, पण पंधरा दिवस जातील. नाहीतर एक उपाय आहे. याच गवतात बारीक, कोरडी वाळू भरायची, अगदी पात्याच्या टोकापर्यंत. नुसते शेंडे वर राहिले पाहिजेत. मग चेंडू वाळूवरून पळतो. पण वाळू धुतलेली लागते, बाहेरून मागवायची, तिलाही आठवडा लागेल.

आठवडा! आठवडाभरात पोपट त्या भिंतीत शिरून गेला असता. आणि नुसतं सांगून भागणार नव्हतं. 'हात नाय गेला तुमचा' असं ती म्हणाली असती तर तो म्हणाला असता, माझं मन राखायला बोलतेस. त्याला डोळ्यांनी दाखवल्याशिवाय पटणार नव्हतं, आणि या एका बाबतीत त्याचं चुकत नव्हतं.

वाळूसारखं कोरडं आणि पांढरं असं पोत्यांनी कुठे मिळतं हे सगुणाला कुणी शिकवायला नको होतं. तिचं माहेर पेणच्या खाडीवरचं, मिठागरातलं. तिने भावाला फोन लावला.

"जनू, मीठ आन."

"मीठ? कवरं?"

"टेम्पोत मावंल तेवढं."

"बाय, काय लोनच्याचा कारखाना काढतंस का गो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जनू आला, बरोबर त्याची बायको रंभा. छोट्या टेम्पोत मिठाची पोती आणि वर मिठागरातली लांब दांड्याची लाकडी फळी, मिठाचा वाफा सारखा करतात ती. सगुणाने त्यांना ओट्यावर बसवून सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. जनू परसात गेला, पट्टा बघितला, शेवगा बघितला.

"शेवगा जाईल गो बाय," तो म्हणाला. "एक दव पडला की मीठ झिरपल खाली. तोंडली पन जातील."

हे काय तिला ठाऊक नव्हतं? मीठ पडलेल्या जमिनीत काडी उगवत नाही हे बघतच तर ती मोठी झाली होती. म्हणून तर सासरी आल्यावर ओल्या मातीचं तिला एवढं अप्रूप. हा शेवगा तिने अपेक्षाच्या जन्माच्या वर्षी लावलेला होता. तिने त्याच्याकडे एकदा बघून घेतलं.

"जाऊं दे," ती म्हणाली. "वत."

पोती ओतली. पांढऱ्याचा ढीग हिरव्यावर पसरला. जाडं मीठ, खडे खडे, पात्यांच्या मध्ये उतरेना. मग रंभाने साडी वर खोचली. सगुणाने खोचली. जनूने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. तिघं एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि तुडवायला लागले. मिठागरात हंगामाच्या आधी वाफ्याचा तळ असाच तुडवतात, अनवाणी, एका तालात, आधी टाच, मग चवडा, पाऊल पाऊल पुढे, म्हणजे तळ आरशासारखा बसतो. एकाने ताल धरायचा असतो. रंभा "हां... हां..." म्हणत होती. मीठ पायाखाली करकरत फुटत होतं, खाली उतरत होतं. सगुणाच्या टाचांना भेगा होत्या, त्यांत मीठ शिरून आग आग होत होती, पण लग्नाआधीची चाल पायांना अजून पाठ होती.

"सगुणा!" आतून हाक आली. भिंतीकडे तोंड केल्यापासून त्याने तिला पहिल्यांदाच हाक मारली होती. "काय चाललंय? कोन तुडवतंय?"

त्याने आवाज ओळखला होता. ओळखणारच. धाटावला लागायच्या आधी पोपट, रोह्याच्या आतल्या भात-वालाच्या गावचा तरुण पोरगा, पेणच्या मिठागरांत मिठाच्या ट्रकवर हमाली करायचा. तिथे बांधावर बसून तो वाफा तुडवणाऱ्या ओळीकडे बघत राहायचा. सगळ्या ओळीकडे म्हणून. पण ओळीतल्या शेवटच्या पोरीला ते बरोबर कळलं होतं.

सगुणा तशीच मिठाच्या पायांनी आत गेली आणि खाटेपाशी उभी राहिली.

"तुमचा हात नाय गेला," ती म्हणाली. "मी चाळीसचं गवत आनलं. तुमी तेराचं सांगितलं, आनि मी चोरून चाळीसचं आनलं. त्याच्यावर कुनाचाच चेंडू जात नाय. मी सोता मारून बघितला."

पोपट डाव्या कोपरावर जरा उठला.

"कशाला आनलं?"

"तुमी पडाल म्हनून."

"आनि मी हितं पडून ऱ्हायलो. हात ग्येला, आता काय उरलं, असं म्हनत. तू बघत व्हतीस."

"व्हय."

"मला वाटलं आता म्येलो तर बरं," पोपट म्हणाला.

तिला त्याचे पाय धरावेसे वाटले, पण तोच हात धरायचा चाळा पुन्हा नको म्हणून ती नुसती उभी राहिली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "लई चुकलं."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग ती बाहेर येऊन ओळीत उभी राहिली आणि पुन्हा तुडवायला लागली. रंभाने नणंदेच्या खांद्याला खांदा जरा जास्त घट्ट लावला.

दुपारी जनूने फळी फिरवली. पट्टा पांढरा झाला होता, वर फक्त हिरवी टोकं, खरबरीत आणि आखूड. तेरा एमएमसुद्धा नसतील. जेवून भाऊ-भावजय गेले. पोपट जेवायला उठला नाही. सगुणाने ताट झाकून ठेवलं आणि धुण्याच्या दगडावर बसून टाचांच्या भेगांतलं मीठ पाण्याने काढत बसली. ऊन कलायला लागलं होतं. आतून पाट सरकल्यासारखा आवाज आला, मग काही वेळ काहीच नाही, मग काठी कपाटाला लागल्याचा आवाज. काठी तिने सकाळी पुसून जागेवर ठेवली होती, आणि चेंडू पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाला.

मागच्या दारात पोपट उभा होता. एकटा. डाव्या हातात काठी, खांदा चौकटीला टेकलेला, लुंगी अर्धवट गुंडाळलेली.

ती धावली. अशी धावली की पाण्याचा तांब्या लवंडला. पट्ट्यावर त्याचा पाय पडायच्या आत तिचा हात त्याच्या दंडाला होता.

"सोड," तो म्हणाला.

"पडाल."

"पडीन. पडलो तर उचल. पडायच्या आधी नगो उचलूस."

तिला बोटं उघडायची होती. पण ती उघडेनात. दिवाळीपासून ती बोटं त्या दंडाला धरून धरून तशीच बसली होती. पोपट थांबला. त्याने घाई केली नाही, ओरडला नाही. त्याचा राग कधी गेला हे तिला कळलं नाही, पण त्याच्या तोंडावर आता तो नव्हता.

"तू तिकडं जा," तो हळू आवाजात म्हणाला. "भोकापाशी. गेस्ट हाऊसला एक मानूस भोकापाशी उभा ऱ्हायचा, म्हंजे लांबून अंदाज येतो. मला कोनतरी तिकडं पायजे, हितं नगो."

सगुणाने बोटं एकेक करून सोडवली. मग ती चालत निघाली. पट्टा काही फार लांब नव्हता, शेवग्यापासून अळवाच्या वाफ्यापर्यंत. पण प्रत्येक पावलाला तिची पाठ म्हणत होती की मागे तो पडतोय, आता पडतोय. तिने वळून बघितलं नाही. भोकापाशी पोचली आणि मग वळली. तो उभा होता.

त्याने चेंडू काठीच्या टोकाने पायाशी ओढला. वाकला. उजवा हात डाव्यावर आणला. मिठाच्या पट्ट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि काठी हलवली. चेंडू निघाला. मिठावरून सळसळत, मध्येच जरा उजवीकडे, भोकाच्या शेजारून, तिच्या पायांच्या मधून, सरळ अळवात.

पोपट हसला. खो खो करून, सगळं अंग हलवत. श्रावणानंतर तिने ते हसणं ऐकलं नव्हतं.

"लई पळतोय गो! तेराच्या बापाला ऐकत नाय!"

दुसरा चेंडू अलीकडे थांबला. तिसरा भोकाच्या काठाला लागून वळला. एकही आत गेला नाही आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. मग चेंडू संपले. सगुणा ते वेचून त्याच्याकडे न्यायला वाकली, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मी येतो."

आणि तो निघाला. काठी टेकत, उजवा पाय ओढत. अर्ध्या वाटेत त्याचा तोल गेला. खांदा एका बाजूला कलला, काठी मिठात घसरली, आणि सगुणाच्या तोंडून आवाज फुटला. सगळं अंग तिचं पुढे गेलं. पण पाय तिने मिठात रोवले होते, आणि ते तिने हलू दिले नाहीत. पदराचं टोक तोंडात कोंबून ती उभी राहिली. पोपटने काठी पुन्हा टेकली. थांबला. श्वास घेतला. मग उरलेली वाट आला आणि तिच्यापाशी पोचल्यावर आधारासाठी त्याने हात टाकला तिच्या खांद्यावर. उजवा हात होता. जड होता, पण त्याने तो स्वतः उचलून टाकला होता.

"दमलो," तो म्हणाला.

ती रडत होती, ते त्याने बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. शेवग्याकडे बघत म्हणाला, "ह्यो जाईल आता."

"जाऊं दे."

"मग काठी आता माझी एकट्याची. शेंगा इकत आनायच्या."

सगुणाने नाक पुसलं. "पावसात हे मीठ वितळनार," ती म्हणाली. "उद्या रितेशला फोन करते. तेराचं सांगते."

पोपटने मिठावर पाय घासून बघितला, अगदी जाणकारासारखा.

"दहाचं मिळतं का इचार," तो म्हणाला.

मग दोघं घराकडे निघाले. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. तिचे दोन्ही हात मोकळे होते, आणि त्यांचं काय करायचं हे न सुचून तिने त्यांत चेंडू धरले.